नांदी, कौतुक, शाबासकी : आनंदाचे आणि स्तुतीचे शब्द

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांची जी पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत, त्यांतील बहुतेक प्रश्न आनंद व्यक्त करणाऱ्या किंवा दुसऱ्याची स्तुती करणाऱ्या शब्दांविषयीचे आहेत. मराठीत हे दोन गट एकमेकांत इतके मिसळले आहेत की एकाविषयी लिहिताना दुसऱ्याकडे वळावेच लागते. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सांगली) : पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी वाढू लागली, की ‘ही महापुराची नांदी तर नव्हे?’ अशा प्रकारचे मथळे वाचायला मिळतात. आमच्या गावात नाटकाआधी कलावंत हात जोडून नांदी म्हणतात. तोच शब्द संकटासाठी वापरणे योग्य आहे का? नसल्यास त्याऐवजी काय लिहावे?

उत्तर : हा प्रश्न सांगलीहून यावा, हे स्वाभाविक आहे. विष्णुदास भावे यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि त्या दिवसाची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. त्या काळच्या खेळात प्रारंभी सूत्रधार मंगलाचरण म्हणत असे, मग गजानन आणि मोरावर बसलेली सरस्वती रंगमंचावर येत आणि त्यांच्या स्तवनानंतरच आख्यानाला सुरुवात होई. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणले. त्यातील ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत पहिल्यांदा म्हटली जाते. नाटकाच्या गावात राहणाऱ्या माणसाच्या कानात ‘नांदी’ हा शब्द या सुरांसह बसलेला असतो, आणि तो महापुराच्या बातमीवर वाचताना त्याला खटकले तर ते रास्तच आहे.

हा शब्द ‘नन्द्’ या संस्कृत धातूपासून आलेला आहे आणि त्या धातूचा अर्थ आनंदित होणे असा आहे. म्हणजे आनंद, नंदन, अभिनंदन आणि नांदी हे एकाच घरातले शब्द आहेत. आपल्या रोजच्या बोलण्यातले ‘नांदणे’ हे क्रियापदही याच घराण्यातले असल्यामुळे, सासरी सुखाने नांद, असा आशीर्वाद देताना आपण नकळत त्या मुलीला आनंदात राहायला सांगत असतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात नांदीची व्याख्या केली आहे. जिच्यात आशीर्वचनासह देव, द्विज, राजा इत्यादींची स्तुती केली जाते ती नांदी, असा तिचा आशय आहे. मूळ धातू आनंदाचा आणि व्याख्या स्तुतीची, असा या शब्दाचा दुहेरी स्वभाव आहे. लग्नकार्याआधी जे नांदीश्राद्ध करतात तेही मंगल कर्मच असते. ‘श्राद्ध’ या शब्दामुळे अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून एवढे सांगितले.

नांदी आरंभी म्हटली जात असल्यामुळे तिला ‘प्रारंभ’ हा अर्थ चिकटला आणि तो मराठीत पक्का रुजला. ‘नव्या युगाची नांदी’, ‘सहकार चळवळीची नांदी’ या प्रयोगांत वावगे काहीच नाही, कारण तिथे प्रारंभाबरोबर मांगल्याची छटाही टिकून आहे. पुढच्या पायरीवर मात्र ती छटा पुसली गेली आणि ‘विनाशाची नांदी’, ‘युद्धाची नांदी’ असे प्रयोग होऊ लागले. हे प्रयोग इतके रुळले आहेत की त्यांना अशुद्ध म्हणता येणार नाही, कारण भाषेत शब्द आपले मूळ सोडून पुढे जात असतात आणि त्याला कोणी हरकत घेऊन थांबवू शकत नाही. तरीही, अशुद्ध नसलेला प्रत्येक प्रयोग चांगला असतो असे मी मानत नाही. मराठीत येऊ घातलेल्या संकटासाठी शब्दांची वाण नाही. पाणी चढत असेल तर ‘महापुराची चाहूल’ म्हणावे, भीती दाटलेली असेल तर ‘महापुराचे सावट’ म्हणावे, पूर येणारच अशी खूण दिसत असेल तर ‘पूर्वचिन्ह’ म्हणावे. 2005 आणि 2019 चा पूर ज्यांच्या घरात शिरला होता, त्यांना ‘चाहूल’ हा शब्द ‘नांदी’पेक्षा कितीतरी जवळचा वाटेल. ‘पडघम’ हा शब्द निवडणुकीपुरता ठीक आहे, पुरासाठी नको.

प्रश्न (तासगाव) : आमच्या शाळेतील मुख्याध्यापिका बाई निवृत्त होत आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या वतीने द्यायच्या मानपत्रात पुढील वाक्य घातले आहे : ‘आम्ही सर्व विद्यार्थी आपल्या अध्यापनसेवेचे मनःपूर्वक कौतुक करीत असून, आपल्या निवृत्तीप्रीत्यर्थ आपल्यावर अभिनंदनाचा वर्षाव करताना आमच्या आनंदाला पारावर उरलेला नाही.’ समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना हे वाक्य पसंत नाही, पण त्यात नेमके काय चुकले ते त्यांना सांगता आले नाही. बाई शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांना ओट्यावर बसवून त्यांच्याकडून पाढे पाठ करून घेत, हेही मानपत्रात यावे अशी इच्छा आहे.

उत्तर : त्या ज्येष्ठ सदस्यांचा कान चांगला आहे. वाक्यातील भावना खरी आहे, पण निवडलेले शब्द तिच्या आड येतात.

प्रथम ‘कौतुक’. संस्कृतात या शब्दाचा अर्थ कुतूहल, नवल, उत्सुकता असा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ अशी जी ओवी येते, तिच्यात ‘कौतुके’ म्हणजे सहज, लीलेने, आनंदाच्या भरात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या शब्दात स्तुतीपेक्षा आनंद आणि नवल अधिक होते. आजच्या मराठीत त्याला प्रेमळ प्रशंसेचा अर्थ आला आहे, आणि त्याबरोबर एक दिशाही आली आहे. आजी नातवाचे कौतुक करते, गुरुजी विद्यार्थ्याचे कौतुक करतात, बरोबरीचे मित्र एकमेकांचे कौतुक करतात. विद्यार्थ्यांनी बाईंचे कौतुक ‘करणे’ मात्र कानाला उलटे लागते, कारण त्यात करणारा वरच्या पायरीवर असल्याचा भास होतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘कौतुक करणे’ याला दिशा आहे, पण ‘कौतुक वाटणे’ याला नाही. ‘बाईंच्या चिकाटीचे आम्हांला कौतुक वाटते’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण त्यात जुना नवलाचा अर्थ जागा होतो. आपल्या भागातल्या बोलण्यात ‘त्याचं काय कवतिक सांगायचं!’ असे म्हणतात, त्यातही नवलच असते.

‘प्रीत्यर्थ’ म्हणजे प्रीतीसाठी, कोणाच्या तरी संतोषासाठी. पूजेच्या संकल्पात देवतेच्या नावापुढे हा शब्द येतो तेव्हा तो अगदी योग्य असतो. निवृत्तीला संतुष्ट करण्याचे कारण नसल्यामुळे तिथे ‘निवृत्तीनिमित्त’ म्हणावे. ‘वाढदिवसाप्रीत्यर्थ’ हा सर्रास दिसणारा शब्दही याच कारणाने टाळलेला बरा. शुभेच्छापत्रात ‘अभिष्टचिंतन’ लिहितात, तेही ‘अभीष्टचिंतन’ असे हवे, कारण तो अभि आणि इष्ट यांचा संधी आहे.

‘अभिनंदन’ या शब्दात कोणाच्या तरी यशाकडे पाहून आनंदित होणे आहे. पदवी मिळाली, पारितोषिक मिळाले, बढती मिळाली, की अभिनंदन करावे. निवृत्तीकडे प्रदीर्घ सेवेची पूर्तता म्हणून पाहिले तर अभिनंदन चालू शकते, पण त्याच वाक्यात पुढे ‘आनंदाला पार नाही’ असे आले की बाई चालल्या याचाच विद्यार्थ्यांना आनंद झाला, असा अर्थ निघतो. समितीतील ज्येष्ठांना हेच बोचले असावे.

उरला ‘पारावर’. मूळ शब्द ‘पारावार’ असा आहे. पार म्हणजे पलीकडचा तीर, अवार म्हणजे अलीकडचा तीर. ज्या आनंदाला पारावार नाही, त्याचे दोन्ही तीर दिसत नाहीत. ‘पारावर’ म्हणजे वडाच्या किंवा पिंपळाच्या पारावर, आणि तिथे आनंद उरण्याचा किंवा न उरण्याचा प्रश्नच नाही. ही चूक शाळेच्या निबंधांतून छापील निमंत्रणांपर्यंत सगळीकडे आढळते.

मानपत्रासाठी सर्वांत भारदस्त शब्द ‘गौरव’ हा आहे. तो ‘गुरु’ या शब्दापासून झाला आहे आणि त्याचा मूळ अर्थ वजन, जडपणा असा आहे. एखाद्याचा गौरव करणे म्हणजे त्याचे वजन चारचौघांत मान्य करणे, म्हणून तो समारंभात, सभेत, लोकांसमोर शोभतो. ‘प्रशंसा’ हा शब्दही चालेल, पण तो थोडा अलिप्त आहे. परीक्षकाने एखाद्या स्पर्धकाच्या अभिनयाची करावी तशी ती असते. ‘स्तुती’ माणसाची करताना जपून करावी, नाहीतर ती तोंडपुजेपणाकडे झुकते.

बाईंच्या पाढ्यांची आठवण तुम्ही पत्रात ओघात सांगितली आहे, पण मानपत्राचा प्राण तीच आहे. ‘वाखाणणे’ हे क्रियापद ‘व्याख्यान’ या शब्दावरून आले आहे. जुन्या मराठीत वाखाणणे म्हणजे उलगडून सांगणे, अर्थ स्पष्ट करणे. ज्या स्तुतीत कारण सांगितलेले असते ती खरी वाखाणणी, आणि मानपत्रात तीच हवी. माझ्या मते वाक्य असे करावे : ‘आदरणीय बाई, शाळा सुटल्यावर ओट्यावर बसवून आपण आमच्याकडून पाठ करून घेतलेले पाढे आम्ही आजही हिशेब करताना म्हणतो. या निरोपाच्या प्रसंगी आपल्या अध्यापनाचा गौरव करताना आमचे मन कृतज्ञतेने भरून आले आहे.’ यात ‘आनंद’ हा शब्द नाही, आणि त्याची गरजही नाही.

प्रश्न (वाई) : पाचवीच्या मुलांना आम्ही ‘आनंद’ या शब्दाचे समानार्थी शब्द म्हणून हर्ष, मोद, तोष, उल्हास, आल्हाद असे पाठ करायला सांगतो. एका मुलीने ‘सकाळची हर्षदायक हवा’ असे लिहिले. ते चूक ठरवावे का? तसेच उल्हास की उल्लास, आणि आल्हाद की आह्लाद?

उत्तर : चूक ठरवू नये, पण तिला जवळ बोलावून फरक समजावून सांगावा. मुलीने यादीतला शब्द प्रामाणिकपणे वापरला आहे. दोष असलाच तर तो यादीत आहे, कारण समानार्थी शब्दांची यादी अर्थ जुळवून दाखवते आणि वापर लपवते.

‘हर्ष’ ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ अंगावरचे केस उभे राहणे. ‘रोमहर्षक सामना’ म्हणताना आपण तोच अर्थ वापरत असतो. हर्ष हा अचानक उसळणारा, शरीराला जाणवणारा आनंद आहे, आणि म्हणूनच तो अति झाला तर ‘हर्षवायू’ होतो. संतोषवायू किंवा आल्हादवायू कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. ‘आल्हाद’ याच्या मुळाशी गारवा आहे, ताजेतवाने होणे आहे. म्हणून सकाळची हवा, चांदणे, पहिला पाऊस यांना ‘आल्हाददायक’ हे विशेषण बसते, आणि त्या मुलीला हवा असलेला शब्द हाच. ‘उल्हास’ वर उठतो, चमकतो, खेळतो. सणाच्या दिवशी घरात उल्हास असतो, काम करायला उल्हास वाटतो. त्यात उत्साहाचा वाटा मोठा आहे. ‘तोष’ आणि ‘संतोष’ हे पुरेपणाचे शब्द आहेत, मागणी संपल्यावर ते येतात. ‘मोद’ आता एकटा फारसा फिरत नाही. तो ‘आमोद’, ‘प्रमोद’ आणि गणपतीच्या ‘मोदका’त उरला आहे.

या यादीत ‘प्रसन्नता’ हा शब्द घातला तर मला अधिक आवडेल. प्रसन्न म्हणजे मूळ अर्थाने निवळलेले. पावसाळ्यात वाईच्या घाटावरून दिसणारे कृष्णेचे लाल, गढूळ पाणी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळ खाली बसून स्वच्छ होते. अशा पाण्याला संस्कृतात प्रसन्न म्हणतात. मनही तसे निवळले की ते प्रसन्न होते. मुलांना घाटावर नेऊन हे दाखवता येईल, ही तुमच्या शाळेची मोठी सोय आहे.

लेखनाविषयी : संस्कृतात ‘उल्लास’ आणि ‘आह्लाद’ अशी रूपे आहेत. मराठी तोंडात ‘ह्ल’चा ‘ल्ह’ असा उच्चार होतो, ‘उल्लास’मधील ‘ल्ल’चाही तसाच ‘ल्ह’ झाला, म्हणून आपण ‘उल्हास’ आणि ‘आल्हाद’ लिहितो, आणि ती रूपे मराठीत पूर्णपणे मान्य आहेत. ‘प्रह्लाद’ हे नावही याच धातूपासून आलेले आहे आणि तेही आपण ‘प्रल्हाद’ असे करून घेतले आहे. वाळवा तालुक्यातील नरसिंहपूरला देवदर्शनाला जाणारा कोणीही ‘प्रह्लाद’ असा उच्चार करत नाही. एका लेखात एकच रूप ठेवावे, एवढे पथ्य पुरे.

प्रश्न (मिरज) : ‘शाबास’ हा शब्द मराठी आहे का? आमच्या वाचनकट्ट्यावर एका सदस्याने तो परका म्हणून वर्ज्य करावा असे सुचवले.

उत्तर : वर्ज्य करू नये. ‘शाबास’ फारसीतून आला आहे, हे खरे. मूळ शब्द ‘शाद बाश’. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे हो किंवा राहा. दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून आपण त्याला ‘आनंदी राहा’ असे सांगतो, आणि ती त्याची स्तुती ठरते. इतका सुंदर अर्थ असलेला शब्द टाकून देण्याने भाषा शुद्ध होणार नाही, गरीब मात्र होईल. शिवाय त्याला ‘की’ लावून आपण ‘शाबासकी’ करून घेतली, ती मिळवता येते, देता येते, हातची जाते. एवढे वापरल्यावर शब्द परका उरत नाही.

याच वाटेने आलेला ‘तारीफ’ हा अरबी शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ ओळख करून देणे. हिंदीत अनोळखी माणसाला ‘आपकी तारीफ?’ असे विचारतात, तेव्हा त्याचे नाव-गाव विचारलेले असते. वर ‘वाखाणणे’ या शब्दाचा अर्थ आपण पाहिला. संस्कृतकडून आलेला एक शब्द आणि अरबीकडून आलेला दुसरा, दोन्ही ‘नीट समजावून सांगणे’ या अर्थापासून निघून ‘स्तुती’ या अर्थाला पोहोचले, याचे मला फार नवल वाटते. ‘खुशामत’ मात्र उलट्या दिशेने गेली. तिच्यात ‘खुश’ आहे, ‘आमद’ म्हणजे येणे आहे, आणि तरी ती मराठीत आज मतलबी स्तुतीखेरीज कुठेच वापरता येत नाही. वापराच्या दृष्टीने एक सूचना : शाबासकी वरून खाली येते. वडील, शिक्षक, वस्ताद ती देतात. तालमीत पोराने डाव जिंकला की वस्ताद ‘शाबास रे पठ्ठ्या’ म्हणतात, पण पोराने वस्तादांना तसे म्हणायचे नसते.

प्रश्न (सातारा) : स्तुती, स्तवन आणि स्तोत्र यांत फरक काय? ‘स्तुती’ ऱ्हस्व की दीर्घ?

उत्तर : तिन्ही एकाच ‘स्तु’ धातूपासून आहेत. ‘स्तुती’ ही क्रिया आहे आणि ती कोणाचीही, कशाचीही, कितीही वेळ करता येते. ‘स्तोत्र’ ही ठरलेली, पठणासाठी रचलेली कृती आहे. ‘स्तवन’ या दोहोंच्या मध्ये आहे, त्याला आरंभाचा आणि गांभीर्याचा रंग आहे. आपण सज्जनगडाजवळच्या गावात राहता, तेव्हा दासबोधाचे उदाहरण देतो. त्याच्या पहिल्या दशकात गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांची स्तवने आहेतच, पण त्यांच्यानंतर श्रोते, कवीश्वर आणि सभा यांचीही स्तवने आहेत, आणि शेवटी नरदेहाचेही आहे. ऐकणाऱ्याचे आणि माणसाच्या देहाचे स्तवन करणारा हा दशक स्तुतीचा विस्तार किती मोठा असू शकतो ते दाखवतो. लगेच दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात, मूर्खाची लक्षणे सांगताना, ‘आपली आपण करी स्तुती’ हेही एक लक्षण म्हणून येते. आत्मस्तुतीसाठी मराठीत बढाई, फुशारकी, आत्मप्रौढी असे पुष्कळ शब्द आहेत, आणि त्यांतला एकही चांगल्या अर्थाने वापरता येत नाही.

लेखनाचा नियम सोपा आहे. शब्द एकटा असेल तर ‘स्तुती’ दीर्घ लिहावा. समासात पहिल्या जागी आला तर तो मुळाप्रमाणे ऱ्हस्व होतो : स्तुतिपाठक, स्तुतिसुमने. कीर्ती आणि कीर्तिस्तंभ, प्रीती आणि प्रीतिभोजन यांचेही तसेच. ‘नांदी’ मात्र संस्कृतातच दीर्घ असल्यामुळे ‘नांदीश्राद्ध’ असे दीर्घच राहील.

प्रश्न (जत) : पालीच्या खंडोबाच्या यात्रेत ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर होतो. ही स्तुती म्हणायची की आनंदाचा उद्गार?

उत्तर : दोन्ही. ‘सदानंद’ हे देवाचे नाव म्हणून घेतले तर ती स्तुती आहे, आणि पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नसोहळ्यात भंडारा उधळताना हजारो कंठांतून तो निघतो तेव्हा तो आनंदच असतो. ‘येळकोट’ या शब्दाचा अर्थ कन्नडमधील ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, असा सांगितला जातो. जतच्या बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही कानावर पडत असल्यामुळे तो आपल्याला जुळवून पाहता येईल. ‘चांगभलं’ यातही ‘चांग’ आणि ‘भलं’ असे चांगुलपणाचेच दोन शब्द शेजारी उभे आहेत. देवीपुढचा ‘उदो उदो’ हा ‘उदय’ या शब्दापासून आला असून देवळात तो भक्तीचा गजर आहे. देवळाबाहेर एखाद्या माणसाचा ‘उदोउदो करणे’ म्हणजे मात्र विचार न करता त्याला डोक्यावर घेणे. म्हणून सत्काराच्या बातमीत हा शब्द वापरू नये, तिथे ‘जयजयकार’ लिहावे.